पिशवी न पाहता शिशुधान प्राणी कसा ओळखावा : कवटीपासून गुणसूत्रांपर्यंत

शिशुधान (मार्सुपियल), म्हणजे अगदी अल्प वाढ झालेले पिल्लू जन्माला घालून ते पुढे दुधावर वाढवणाऱ्या कांगारूसारख्या सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाला सुरुवात करणाऱ्याने पिशवीला पुरावा मानण्याची सवय आधी सोडावी. पिशवीतून डोके बाहेर काढणारे कांगारूचे पिल्लू आपल्या नजरेत इतके पक्के बसलेले असते की, ज्याला पिशवी तो शिशुधान आणि ज्याला ती नाही तो शिशुधान नव्हे, असे समीकरण आपोआप तयार होते. हे समीकरण दोन्ही बाजूंनी फसते. दक्षिण अमेरिकेतील करड्या, आखूड शेपटीच्या ओपॉसमला पिशवी नसते आणि ऑस्ट्रेलियातील नंबॅटलाही नसते. तरी दोघेही निःसंशय शिशुधान आहेत. उलट एकिड्ना हा अंडी घालणारा सस्तन प्राणी आहे, आणि त्याच्या मादीच्या पोटावर प्रजननकाळात तात्पुरती पिशवी तयार होते. पाण्यात राहणाऱ्या याप्पोक या ओपॉसममध्ये तर नर आणि मादी दोघांनाही पिशवी असते. वॉम्बॅट बिळे उकरतो. त्याच्या पिशवीचे तोंड मागच्या बाजूला असते आणि त्यामुळे उकरलेली माती पिल्लावर पडत नाही. म्हणजे पिशवी ही राहणीनुसार येणारी, जाणारी आणि दिशा बदलणारी गोष्ट आहे. वंश ठरवण्यासाठी याहून स्थिर खुणा लागतात, आणि त्या हाडांत, नलिकांत व गुणसूत्रांत शोधाव्या लागतात.

शोधण्यापूर्वी नावांचा एक गोंधळ दूर करून घ्यावा. अमेरिका खंडांतील प्राण्यांना ओपॉसम म्हणतात. ऑस्ट्रेलियातील झाडांवर राहणाऱ्या काही शिशुधानांना पॉसम म्हणतात. पहिल्या नावावरूनच दुसरे आले, पण हे दोन गट एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत. दुसरा गोंधळ अधिक सूक्ष्म आहे. शिशुधानांना ‘वार (गर्भाला गर्भाशयाशी जोडणारा अवयव) नसलेले सस्तन’ म्हणण्याची प्रथा चुकीची आहे, कारण अल्पकाळ टिकणारी का होईना, वार त्यांनाही असते. तरीही ज्यांचा गर्भ वारेच्या आधाराने दीर्घकाळ वाढतो, त्या उरलेल्या मोठ्या गटासाठी रूढ असलेला ‘अपरास्तनी’ हा शब्द सोयीसाठी पुढे वापरला आहे.

कवटी हातात आल्यावर

कवटी उलटी करून, टाळू आणि वरचे दात आपल्याकडे येतील अशी ठेवावी. सर्वांत आधी पुढचे दात, म्हणजे पटाशीचे दात मोजावेत आणि मोजताना एकच बाजू धरावी. डॉल्फिनसारखे एकसारख्या दातांचे प्राणी वगळले, तर आजच्या अपरास्तनींत वरच्या जबड्याच्या एका बाजूला तीनपेक्षा अधिक पटाशीचे दात नसतात. चार किंवा पाच भरले, तर निर्णय जवळजवळ तिथेच लागतो. व्हर्जिनिया ओपॉसममध्ये वर पाच आणि खाली चार असतात. तीन किंवा त्याहून कमी भरले, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही; कांगारूच्या वरच्या जबड्यात एका बाजूला तीनच असतात आणि वॉम्बॅटच्या तर एकच.

मग सुळ्याच्या मागचे दात पाहावेत. इथे नवशिक्याची हमखास चूक होते, कारण तो नुसते मोजतो. शिशुधानांच्या मूळ रचनेत एका बाजूला तीन उपदाढा आणि चार दाढा असतात, अपरास्तनींच्या मूळ रचनेत चार उपदाढा आणि तीन दाढा असतात; बेरीज दोन्हीकडे सातच. म्हणून दाताचा आकार कुठे बदलतो ते पाहायला हवे. साधा, एका टोकाचा, पात्यासारखा दात संपून अनेक उंचवट्यांचा रुंद दात जिथे सुरू होतो, तिथून मागे मोजावे. चार भरले की शिशुधानाची शक्यता मोठी. वॉम्बॅटची कवटी पहिल्या नजरेत एखाद्या मोठ्या कृंतकाची (उंदीर-खारीसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्याची) वाटते, कारण सतत वाढणारी पटाशीची जोडी आणि तिच्यामागची मोकळी जागा या दोन्ही गोष्टी तिथे असतात. पण कृंतकांत दाढा सहसा तीनपेक्षा अधिक नसतात, आणि वॉम्बॅटमध्ये चार असतात.

या सरावासाठी थायलासिन आणि कुत्रा यांच्या कवट्यांसारखी उत्तम जोडी नाही. थायलासिन हा टास्मानियातील पट्टेदार शिकारी शिशुधान; त्याचा पिंजऱ्यातील अखेरचा ज्ञात प्राणी ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावला. दोन्ही कवट्यांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर अनुभवी माणूसही क्षणभर थबकतो. पण थायलासिनचे दात ४६ आणि कुत्र्याचे ४२. थायलासिनच्या वरच्या जबड्यात एका बाजूला पटाशीचे चार दात, कुत्र्याच्या तीन. याहून बोलका फरक मांस कापणाऱ्या दातांत आहे : कुत्र्यात हे काम वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही एक ठरावीक जोडी करते, तर थायलासिनमध्ये ते दाढांच्या संपूर्ण रांगेत वाटलेले आहे. थायलासिनच्या टाळूच्या मागच्या भागात दोन मोठी छिद्रेही दिसतात. ही छिद्रे बहुतेक शिशुधानांत असतात. मात्र हेजहॉगच्या टाळूतही तशी छिद्रे असल्याने केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

आता खालचा जबडा घ्यावा आणि मागून पाहावा. शिशुधानांत त्याचा मागचा खालचा कोन आतल्या बाजूला वळलेला असतो, जणू हाडाची एक छोटी फळी आतून बसवली आहे. सुटा जबडा सापडला तर ही खूण फार उपयोगी पडते. तिला अपवाद आहेत : कोआलामध्ये ती क्षीण असते आणि फुलांतील मध व पराग खाणाऱ्या चिमुकल्या हनी पॉसममध्ये ती नसतेच.

दातांची आणखी एक खूण जीवाश्मांच्या अभ्यासात मोलाची ठरली आहे. शिशुधानांत दुधाचे दात पडून नवे येण्याची क्रिया प्रत्येक जबड्याच्या प्रत्येक बाजूला फक्त एका दाताबाबत घडते, तो म्हणजे शेवटची उपदाढ. उत्तर अमेरिकेत क्रिटेशस काळात (डायनोसॉरांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यात) राहणाऱ्या अल्फाडॉन या प्राण्याच्या अल्पवयीन जबड्यांत हीच पद्धत आढळली. जिथे मृदू अवयव मुळीच उरत नाहीत, तिथेही पिल्लाच्या वाढीविषयी काही सांगणारी ही खूण आहे, आणि म्हणूनच अल्पवयीन जबडा सापडला तर तो प्रौढ जबड्याहून कमी किमतीचा मानू नये.

सांगाड्याचा कटिभाग मिळाला, तर त्याच्या पुढे आलेली दोन दांडीसारखी हाडे दिसतील. त्यांना पूर्वी ‘पिशवीची हाडे’ म्हणत, आणि हे नाव जितके लोकप्रिय तितकेच दिशाभूल करणारे आहे. ती नरांतही असतात, प्लॅटिपसमध्येही असतात, आणि १९९७ मध्ये मंगोलियातील क्रिटेशस काळातील अपरास्तनींच्या नातेवाइकांतही ती असल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे ही हाडे फार जुन्या पूर्वजाकडून सर्वांनाच मिळाली होती आणि आजच्या अपरास्तनींनी ती पुढे गमावली. जुनी वारशाची खूण आणि गटाची स्वतःची नवी खूण यांत फरक करणे, हे या विषयातील सर्वांत अवघड कौशल्य आहे. ज्या खुणेवर विसंबायचे, ती गटाबाहेरील जुन्या प्राण्यांत आहे का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

मागचे पाऊल आणि खालची पटाशी

प्राणी शिशुधान आहे हे ठरले, की त्याचा गण ठरवायचा असतो. आज सुमारे साडेतीनशे जाती आणि सात गण मानले जातात. त्यांपैकी तीन गण अमेरिका खंडांत आणि चार ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व शेजारच्या बेटांवर आहेत. दोन प्रश्नांनी बरेच काम होते. खालच्या जबड्यात पुढे झेपावलेली दोनच मोठी पटाशी आहेत, की लहान दातांची रांग आहे? आणि मागच्या पावलाचे दुसरे व तिसरे बोट एकाच कातडीच्या आवरणात जोडलेले आहेत, की सुटे आहेत? जोडलेली बोटे बाहेरून एकच बोट वाटतात, पण टोकाला दोन नख्या असतात. प्राणी त्यांचा केस विंचरण्यासाठी उपयोग करतो.

कांगारू, कोआला, वॉम्बॅट आणि पॉसम यांच्या गणात दोन पटाशी आणि जोडबोटे अशा दोन्ही खुणा आढळतात. टास्मानियन डेव्हिल, क्वोल, नंबॅट या मांसाहारी व कीटकाहारी गणात दातांची रांग आणि सुटी बोटे असतात. अडचण बँडिकूट (लांब नाकाचे छोटे ऑस्ट्रेलियन शिशुधान, आपल्याकडील घूस नव्हे) निर्माण करतात : त्यांचे दात मांसाहारी गणासारखे आणि पावले कांगारूसारखी. दातांना मानावे की पावलांना, हा वाद दीर्घकाळ चालला. अलीकडच्या जनुकाधारित वंशवृक्षांत बँडिकूट बहुधा मांसाहारी गणाच्या बाजूला येतात. म्हणजे जोडबोटे दोनदा स्वतंत्रपणे उद्भवली, किंवा एकदा उद्भवून काही शाखांत नाहीशी झाली, असे मानावे लागते. दक्षिण अमेरिकेतील चिचुंद्रीसदृश ओपॉसमचीही खालची दोन पटाशी पुढे आलेली असतात, पण बोटे सुटी असतात. त्यांची पटाशी कांगारूंशी असलेल्या नात्यातून आलेली नाहीत.

दोन नळ्यांचे चित्र

शिशुधानांच्या प्रजननसंस्थेचे वर्णन वाचून लक्षात राहत नाही. ते काढून पाहावे. कागदावर दोन उभ्या समांतर नळ्या काढाव्यात. या भ्रूणातील मादीच्या जननवाहिन्या. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या दुसऱ्या रंगाने काढाव्यात. अपरास्तनींचे चित्र असेल, तर मूत्रवाहिन्या जननवाहिन्यांच्या बाहेरून वळवून आणाव्यात. आतली जागा मोकळी राहते, त्यामुळे दोन्ही नळ्या मध्यरेषेवर जुळून एकच योनिमार्ग तयार होऊ शकतो. शिशुधानाच्या चित्रात मूत्रवाहिन्या दोन जननवाहिन्यांच्या मधून आणाव्यात. आता त्या पातळीवर नळ्या जुळूच शकत नाहीत. म्हणून मादीला दोन गर्भाशये आणि दोन पार्श्व योनिमार्ग असतात, आणि पिल्लू जन्मताना या दोहोंच्या मधल्या ऊतीत तिसरी वाट उघडते. बहुतेक जातींत ही वाट प्रसूतीनंतर बुजते आणि पुढच्या वेळी पुन्हा उघडते; कांगारूंत आणि हनी पॉसममध्ये ती पहिल्या प्रसूतीनंतर उघडीच राहते. लिनियसने १७५८ मध्ये ओपॉसमला डायडेल्फिस, म्हणजे द्विगर्भाशयी, असे नाव दिले ते याच रचनेवरून. अनेक जातींच्या नरांत शिश्नाचे टोक दुभंगलेले असते आणि वृषणकोश शिश्नाच्या पुढे असतो.

गर्भावस्था इतकी अल्प का, याचे उत्तर मात्र केवळ या नळ्यांत शोधू नये. गर्भावस्थेचा सुमारे दोन-तृतीयांश काळ भ्रूणाभोवती कवचाचे पातळ आवरण असते आणि मातेच्या ऊतीशी त्याचा थेट संबंध येत नाही. ते आवरण विरघळले की पीतककोशापासून (भ्रूणाच्या बलकाच्या पिशवीपासून) बनलेली वार गर्भाशयाला भिडते आणि काही दिवसांत प्रसूती होते. बँडिकूटमध्ये याशिवाय अपरास्तनींच्या वारेशी साम्य असणारी दुसरी वारही बनते, आणि तरीही त्यांची गर्भावस्था अवघ्या बारा दिवसांची असते. आखूड शेपटीच्या ओपॉसमवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वार भिडताना गर्भाशयात दाहासारखी प्रतिक्रिया उठते आणि ती अपरास्तनींत भ्रूण रुजताना दिसणाऱ्या प्रतिक्रियेशी जुळते, असे आढळले. अपरास्तनींनी ती प्रतिक्रिया शमवून गर्भ पुढे वाढवण्याची युक्ती मिळवली. शिशुधानांत तिच्यापाठोपाठ प्रसूतीच येते. मला हे स्पष्टीकरण ‘अपूर्ण विकसित वार’ या जुन्या शब्दप्रयोगापेक्षा कितीतरी अधिक समाधानकारक वाटते, कारण त्यात शिशुधानांना अर्धवट राहिलेले अपरास्तनी मानावे लागत नाही.

जन्मलेल्या पिल्लाचे चित्र काढताना प्रमाण बिघडले आहे असे वाटले, तरच ते बरोबर काढले असे समजावे. व्हर्जिनिया ओपॉसमची गर्भावस्था सुमारे १३ दिवसांची, लाल कांगारूची सुमारे ३३ दिवसांची. कांगारूचे नवजात पिल्लू एक ग्रॅमही भरत नाही, आणि हनी पॉसमचे केवळ ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. मागचे पाय म्हणजे नुसते कोंब, डोळे बंद; पण पुढचे पाय, खांदे, तोंड आणि जीभ मात्र कामाला तयार. याच पायांनी ते जन्मद्वारापासून स्तनाग्रापर्यंत चढते. शिशुधानांत वटवाघळासारखे उडणारे किंवा देवमाशासारखे वल्ह्यांचे हात असणारे प्राणी का झाले नाहीत, याचे कारण काही संशोधक याच चढाईत शोधतात : प्रत्येक पिढीतील प्रत्येक नवजाताला चढता यावेच लागते, म्हणून खांद्याची रचना फार बदलू शकत नाही. तर्क आकर्षक आहे, पण तो तर्क म्हणूनच वाचावा. १६२९ मध्ये फुटलेल्या बटाव्हिया जहाजाचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील बेटांवर टॅमर वॉलबी (कांगारूच्या कुळातील लहान प्राणी) पाहिल्या आणि पिल्ले स्तनाग्रातूनच उगवतात असा निष्कर्ष नोंदवला. स्तनाग्र तोंडात फुगून पिल्लू इतके घट्ट चिकटलेले असते की त्याची चूक समजण्यासारखी आहे.

गर्भाशयात जे घडत नाही ते दुधातून घडते, आणि म्हणून शिशुधानांचे दूध कालानुसार बदलते. टॅमर वॉलबीच्या सुमारे ६० दिवसांच्या पिल्लाला अधिक काळ दूध देत असलेल्या दुसऱ्या मादीकडे ठेवले, तर त्याची वाढ वेगाने होते. म्हणजे दुधातील घटकांची जुळणी मातेच्या वेळापत्रकावर चालते, पिल्लाच्या मागणीवर नव्हे. लाल कांगारूची मादी एकाच वेळी पिशवीबाहेर आलेल्या पिल्लाला एका स्तनाग्रातून एक प्रकारचे, आणि नवजाताला दुसऱ्यातून वेगळ्या प्रकारचे दूध देते.

थांबलेल्या भ्रूणाचा हिशोब

टॅमर वॉलबीच्या प्रजननाचे वर्ष समजून घ्यायचे असेल, तर बारा महिन्यांची पट्टी आखावी, मात्र दक्षिण गोलार्धातील ऋतू लक्षात ठेवून. जानेवारीच्या अखेरीस पिल्लू जन्मते. मादी काही तासांतच पुन्हा माजावर येते आणि फलन होते. नवा भ्रूण साधारण शंभरेक पेशींचा झाला की तिथेच थांबतो. पट्टीवर इथून पुढे दोन वेगळ्या रंगांच्या रेषा ओढाव्या लागतात, कारण थांबण्याची कारणे दोन आहेत. वर्षाच्या पूर्वार्धात पिशवीतील पिल्लाच्या चोखण्याने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवत राहते. ते अंडाशयातील पीतपिंडाला (गर्भधारणेची संप्रेरके स्रवणाऱ्या गाठीला) दाबून ठेवते आणि भ्रूणाला वाढीचा इशारा मिळत नाही. या काळात पिशवीतील पिल्लू दगावले, तर भ्रूण वाढू लागतो. जूनमधील सर्वांत लहान दिवसानंतर मात्र पिल्लू असो वा नसो, दिवसाच्या लांबीशी बांधलेले दुसरे बंधन लागू होते. ते २२ डिसेंबरच्या सुमारास, दिवस लहान होऊ लागताच सुटते. त्यानंतर साधारण एक महिना मोजला की पुन्हा जानेवारीची अखेर येते. सुमारे अकरा महिने थांबलेला भ्रूण शेवटच्या महिन्यात पूर्ण वाढतो. ‘वॉलबीची गर्भावस्था एक वर्षाची’ असे कुठे वाचले, तर हा आकडा चुकीचा नसून अर्धवट आहे, हे या पट्टीवरून ध्यानात येईल.

गुणसूत्रे मोजताना

गुणसूत्रांच्या अभ्यासासाठी शिशुधान सोयीचे आहेत, कारण त्यांची गुणसूत्रे थोडी आणि मोठी असतात. दक्षिण अमेरिकेपासून टास्मानियापर्यंतच्या अनेक कुळांत १४ ही एकच संख्या आणि जवळजवळ एकच मांडणी आढळते. म्हणून बहुसंख्य संशोधक तीच मूळ मानतात. या आकड्यापासून दोन्ही दिशांना फाटे फुटलेले आहेत : दलदली वॉलबीच्या मादीत १० आणि नरात ११, तर रूफस बेटाँग या उंदीर-कांगारूत ३२. नर आणि मादी यांचे आकडे वेगळे दिसले तर मोजणीत चूक झाली असे लगेच ठरवू नये. दलदली वॉलबीत एक्स गुणसूत्र एका साध्या गुणसूत्राला जोडले गेले आहे, त्यामुळे नरात वायखेरीज त्या गुणसूत्राचा सुटा जोडीदारही वेगळा मोजला जातो.

संख्येवरून एकूण डीएनए कमी असल्याचा निष्कर्षही काढू नये. आखूड शेपटीच्या ओपॉसमचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएचा आराखडा, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो शिशुधानांतील पहिला. त्यात साडेतीन अब्जांच्या आसपास आधारजोड्या आहेत, म्हणजे मानवाहून थोड्या अधिकच. त्यानंतर टॅमर वॉलबी आणि टास्मानियन डेव्हिल यांचे जीनोम २०११-१२ च्या सुमारास, आणि कोआलाचा २०१८ मध्ये आला. कोआलाच्या जीनोममध्ये विषारी रेणू निकामी करणाऱ्या एका जनुककुळाच्या बऱ्याच प्रती दिसल्या. निलगिरीच्या विषारी पानांवर जगणाऱ्या प्राण्यात त्या असाव्यात, हे सुसंगत आहे.

लिंगगुणसूत्रांबाबत मात्र मानवी आनुवंशिकतेची पुस्तके बाजूला ठेवावी लागतात. मानवी मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी कोणते बंद व्हावे हे यदृच्छेने ठरते. शिशुधान मादीत नेहमी पित्याकडून आलेले एक्स बंद होते; हे १९७१ मध्ये कांगारूंच्या अभ्यासातून पुढे आले. वंशावळ आखताना याचा परिणाम असा होतो : समजा पित्याच्या एक्सवर एका जनुकाचे ‘अ’ रूप आहे आणि मातेच्या दोन्ही एक्सवर ‘ब’ आहे. मुलींकडे दोन्ही रूपे असतील, पण प्रत्यक्षात ‘ब’ दिसेल. याच मुली माता झाल्या की त्यांच्या अपत्यांपैकी निम्म्यांना, मुलगे आणि मुली दोघांनाही, ‘अ’ मातेकडून मिळेल आणि आता ते प्रकट होईल. एक पिढी लपलेला गुण असा पुन्हा वर आलेला पाहून त्याला अप्रभावी ठरवण्याची घाई करू नये. काही जनुकांत आणि काही ऊतींत पित्याचे एक्स पूर्ण बंद होत नाही, हेही गृहीत धरावे.

हे बंद करण्याचे काम अपरास्तनींत झिस्ट हा आरएनए करतो. शिशुधानांत झिस्टचे जनुकच नाही. ज्या जुन्या प्रथिन-जनुकापासून ते घडले, ते त्यांच्यात अजून मूळ रूपात आहे. २०१२ मध्ये शिशुधानांचा स्वतःचा आरएनए सापडला, आरएसएक्स. झिस्टशी त्याचे नाते नाही, काम मात्र तेच. थायलासिन आणि कुत्रा यांच्या कवट्यांत जे दिसते, तेच, म्हणजे स्वतंत्रपणे आलेले साम्य, इथे एका रेणूच्या पातळीवर घडलेले आहे.

आणखी एक गोष्ट वाचताना सुरुवातीला खरी वाटत नाही. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे वृषण घडवण्यास सुरुवात करणारे जनुक शिशुधानांतही आहे आणि वृषण वायमुळेच बनतात, पण पिशवी किंवा वृषणकोश यांची निवड एक्सच्या संख्येवर अवलंबून असते. दोन एक्स आणि एक वाय असलेल्या वॉलबीत वृषण बनतात, पण बाहेर वृषणकोशाऐवजी पिशवी व स्तनग्रंथी असतात. एकच एक्स आणि वाय नसलेल्या प्राण्यात पिशवीच्या जागी रिकामा वृषणकोश असतो. पिशवीवर विसंबू नये असे सुरुवातीला म्हटले, त्याला हा आणखी एक आधार.

गुणसूत्रचित्र वाचण्याचे मोल टास्मानियन डेव्हिलच्या मुखकर्करोगाइतके दुसरीकडे क्वचितच दिसते. १९९६ मध्ये टास्मानियाच्या ईशान्य भागात तोंडावर गाठी असलेले डेव्हिल प्रथम नोंदले गेले. विषाणूचा संशय होता. अशा प्रसंगी गाठीतील पेशी आणि त्याच प्राण्याच्या निरोगी पेशी, दोन्हींची गुणसूत्रे शेजारी मांडावीत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात नेमके हेच केले होते. निरोगी पेशींत १४ गुणसूत्रे, गाठीत १३. लिंगगुणसूत्रे दोन्ही गायब. आणि सर्व प्राण्यांच्या गाठींत मोडतोड तंतोतंत एकच. एका प्राण्याच्या निरोगी पेशींत पाचव्या गुणसूत्राचा तुकडा जन्मतःच उलटा बसलेला होता, पण त्याच्या गाठीत तो उलटा नव्हता. म्हणजे गाठ त्याच्या शरीरातून उगवलेली नव्हती; चाव्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जिवंत कर्कपेशीच रोग पसरवत होत्या. पुढे २०१४ मध्ये आग्नेय टास्मानियात दुसरा असाच कर्करोग सापडला आणि त्यात वाय गुणसूत्र होते. तो एका नरापासून सुरू झालेला, हे त्यामुळे स्पष्ट झाले; पहिला एका मादीपासून सुरू झाल्याचे त्याच्या जीनोमवरून आधीच दिसले होते.

वंशवृक्ष आणि नकाशा एकत्र वाचताना

शिशुधानांचा विषय येताच साम्यांची यादी पुढे येते : थायलासिन लांडग्यासारखा, जमिनीखाली राहणारा शिशुधान मोल खऱ्या मोलसारखा, शुगर ग्लायडर उडत्या खारीसारखा. यादी पाठ करण्यापेक्षा तिच्यातील एका उदाहरणाच्या आत जाऊन पाहावे. तरंगत जाण्याची कातडी शिशुधानांतच तीन वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे आली आहे. मोठ्या ग्लायडरची कातडी पुढच्या पायाच्या कोपरापाशी संपते, शुगर ग्लायडरची थेट पुढच्या पंजापर्यंत जाते. काम एक असले, तरी बांधणी वेगळी असणे हीच स्वतंत्र उगमाची खूण.

साम्य फसवते म्हणून नात्याचा पुरावा अशा ठिकाणी शोधावा, जिथे उपयुक्ततेचा संबंध नाही. जीनोममध्ये स्वतःच्या प्रती इतरत्र घुसवणारे डीएनएचे तुकडे असतात. अब्जावधी जागांपैकी नेमक्या त्याच जागी तोच तुकडा दोन जातींत स्वतंत्रपणे घुसणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून तो दोघांत दिसला, की समान पूर्वजात घुसला होता असे मानता येते. २०१० मध्ये या पद्धतीने शिशुधानांचा वंशवृक्ष मांडला गेला आणि ऑस्ट्रेलियातील सर्व गण एकाच पूर्वजाकडे जातात, त्यांच्या शेजारची फांदी मात्र दक्षिण अमेरिकेत आहे, हे त्यातून दिसले. ही फांदी म्हणजे चिली आणि अर्जेंटिनाच्या जंगलांतील उंदराएवढा मोनितो देल मोंते. त्याचे ऑस्ट्रेलियाशी असलेले नाते घोट्याच्या हाडांवरून १९८२ मध्येच सुचवले गेले होते आणि तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते.

आता नकाशा उघडावा, पण आजचा नव्हे. पाच कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील जमिनीचे दुवे पूर्ण तुटलेले नव्हते आणि अंटार्क्टिकावर जंगले होती. शिशुधानांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून याच वाटेने गेले असतील, तर वाटेत त्यांची हाडे सापडायला हवीत. आणि १९८२ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळील सीमोर बेटावरील शिशुधान जीवाश्म प्रसिद्ध झाला.

जीवाश्मांच्या वृत्तांतील नावे तपासण्याची सवयही लावून घ्यावी. आजच्या सर्व शिशुधानांचा शेवटचा समान पूर्वज आणि त्याचे वंशज यांना शिशुधान म्हणतात. त्यांच्या जवळच्या, पण नामशेष झालेल्या नातेवाइकांसह होणाऱ्या मोठ्या गटाला मेटाथेरिया म्हणतात. सुळे तलवारीसारखे असलेला दक्षिण अमेरिकेतील थायलाकोस्मिलस या मोठ्या गटात येतो, काटेकोर अर्थाने शिशुधानांत नाही. चीनमध्ये सापडलेला, सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा सिनोडेल्फिस २००३ मध्ये सर्वांत जुना मेटाथेरिया म्हणून जाहीर झाला. २०१८ मध्ये त्याचा पुन्हा अभ्यास झाला आणि तो अपरास्तनींच्या बाजूला गेला. दोन्ही शाखा विभक्त होण्याचा काळ सुमारे १६ कोटी वर्षे मागे धरला जातो, त्यामुळे इतक्या जुन्या प्राण्यांत दोन्ही बाजूंचे सदस्य एकमेकांसारखेच दिसतात आणि एखादे हाड कसे वाचले यावर सारे फिरते.

ऑस्ट्रेलियातील सर्वांत जुने ज्ञात शिशुधान क्वीन्सलंडमधील मर्गनजवळच्या टिंगामारा येथे सापडले असून ते सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यानंतरची ऑस्ट्रेलियातील सस्तन जीवाश्मांची नोंद सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ कोरी आहे. आणि कांगारू, कोआला, बँडिकूट यांच्या फांद्या फुटल्या त्या बहुतांशी या कोऱ्या काळातच. म्हणून एखाद्या गटाच्या उगमाचा आकडा वाचताना तो खडकातील हाडावरून आला आहे, की डीएनएतील बदलांच्या वेगावरून काढला आहे, हे आधी पाहावे; या मधल्या तीन कोटी वर्षांतील आकडा बहुधा दुसऱ्या प्रकारचा निघतो, आणि त्याच्यासोबत दिलेली कमाल-किमान मर्यादा त्या आकड्याइतकीच लक्षपूर्वक वाचावी लागते.